शहर, शाळा आणि चार मुले
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)





ट्रस्टच्या स्थापनेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना शिक्षण या विषयावर चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. अशा समारंभात शिक्षणाचे माहात्म्य सांगण्याचा प्रघात आहे. परंतु वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि शाळा यांसाठी पिढ्यान् पिढ्या दानधर्म करणाऱ्या समाजाला ते माहात्म्य मी नव्याने काय सांगावे? म्हणून आज मी शिक्षण कोठे आणि कसे निष्फळ ठरते, या अप्रिय विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहे. त्यासाठी आधार घेणार आहे तो एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा.

मालिकेचे नाव ‘दि वायर’. २००२ ते २००८ या काळात एचबीओ या वाहिनीवर पाच पर्वांत तिचे साठ भाग दाखविण्यात आले. कथा घडते मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर या बंदराच्या शहरात. पहिल्या पर्वाचा विषय अमली पदार्थांचा व्यापार आणि पोलीस, दुसऱ्याचा गोदी कामगार, तिसऱ्याचा नगरप्रशासन, चौथ्याचा शाळा आणि पाचव्याचा वृत्तपत्र. आपल्याला प्रयोजन आहे ते २००६ साली प्रसारित झालेल्या चौथ्या पर्वाच्या तेरा भागांशी. मालिकेचे निर्माते डेव्हिड सायमन हे बाल्टिमोरच्याच ‘सन’ या दैनिकात गुन्हेवृत्तांचे वार्ताहर होते. त्यांचे सहलेखक एड बर्न्स यांनी त्या शहराच्या पोलीस दलात सुमारे वीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर सरकारी शाळेत सात वर्षे शिकविले. शाळेचे जे चित्र या पर्वात दिसते, ते अशा अनुभवातून उतरलेले आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. या मालिकेत खून आहेत, मादक द्रव्ये आहेत, अर्वाच्य भाषा आहे. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या सभेपुढे तिची चर्चा कशाला? मी प्रथमच स्पष्ट करतो की ही मालिका मुलांना दाखवावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ती शिक्षकांनी, पालकांनी आणि संस्थाचालकांनी अभ्यासाची वस्तू म्हणून पाहावी. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि तिला अनुमोदन देणे, असे तिचे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या पर्वात पिस्तूल चालविणारे थोडे आहेत. ज्यांच्या सह्यांमुळे, मौनामुळे आणि सोयीमुळे मुलांचे आयुष्य उद्ध्वस्त होते, असे प्रतिष्ठित लोक पुष्कळ आहेत. त्यांचा अभ्यास आपण करावयाचा आहे.

प्रथम त्या शहराविषयी. १९५० साली बाल्टिमोरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती. २०२० च्या जनगणनेत ती पाच लाख पंच्याऐंशी हजार भरली. १९१० साली या शहराने कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय यांनी कोणत्या गल्लीत राहावे हे ठरविणारा वटहुकूम काढला होता. अमेरिकेतील अशा प्रकारचा तो पहिलाच. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द ठरविले, तरी १९३० नंतरच्या दशकात गृहकर्जासाठी जे नकाशे तयार झाले त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जोखमीच्या म्हणून तांबड्या रंगाने दाखविल्या गेल्या. तेथे कर्ज मिळेना, घरे जुनी होत गेली आणि ज्यांना शक्य होते ते उपनगरांत निघून गेले. पुढे कारखानेही गेले. हजारो कुटुंबांना रोजगार देणारा स्पॅरोज पॉइंट येथील पोलादाचा कारखाना दशकानुदशके आक्रसत राहिला आणि २०१२ साली कायमचा बंद पडला. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. म्हणजे घरांची किंमत उतरली की कर उतरतो आणि कर उतरला की शाळा दरिद्री होते. शाळा बिघडली की उरलेली सुस्थित कुटुंबेही वस्ती सोडतात. हे चक्र एकदा समजले की वर्गातील गोंधळासाठी केवळ शिक्षकाला किंवा केवळ आईबापांना दोष देण्याची घाई आपण करीत नाही.

या शहरातील एका काल्पनिक शाळेत आठव्या इयत्तेच्या वर्गात चार मित्र आहेत : रँडी, मायकल, नेमंड आणि डुकी. आणि एक नवा गणित शिक्षक आहे, प्रेझ. तो पूर्वी पोलीस दलात होता.

रँडी हा मुलगा आपल्या समाजाला लगेच ओळखू येईल. तो सरकारने नेमलेल्या पालक-मातेच्या घरी राहतो आणि त्याच्या अंगी उपजत व्यापारी बुद्धी आहे. मधल्या सुट्टीत तो निरनिराळ्या वर्गांत शिरून गोळ्या-चॉकलेटे विकतो. खरेदी कितीला पडली, विक्री कितीला झाली आणि नफा किती राहिला, याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. प्रेझ वर्गात फासे आणून संभाव्यतेचे गणित शिकवितो, तेव्हा ज्या मुलांना अपूर्णांक येत नाहीत असे सर्व धरून चालले होते, तीच मुले भराभर उत्तरे देऊ लागतात. बुद्धी होतीच. तिला आपला उपयोग दिसत नव्हता.

मायकल अबोल आणि स्वाभिमानी आहे. धाकट्या भावाला शाळेत पोहोचविणे, त्याचा अभ्यास घेणे, त्याला जेवू घालणे हे सर्व तो करतो, कारण आई व्यसनाधीन आहे. घरात जो पुरुष परत येतो त्याची मायकलला दहशत आहे. त्यामागचे कारण प्रेक्षकाला हळूहळू उमगते. शिक्षक मदत देऊ करतात, पण समाजकल्याण खात्याकडे तक्रार गेली तर दोघा भावांची ताटातूट होईल, हे तो जाणून आहे. शेवटी तो संरक्षणासाठी गल्लीतील टोळीकडे जातो. टोळी त्याचे काम तत्काळ करते आणि त्याची किंमत पुढे आयुष्यभर वसूल करते.

नेमंडचे वडील टोळीतील खुनी म्हणून जन्मठेप भोगत आहेत. घरात पैशाची ददात नाही. चांगले कपडे आहेत, सोयी आहेत. त्याच्या आईची इच्छा अशी की मुलाने आता नाक्यावर उभे राहून बापाचा धंदा चालवावा. मुलाचा मात्र तो पिंडच नाही. तो बडबड्या आहे, वर्गात उद्धट आहे आणि आतून घाबरट आहे.

डुकी सर्वांत गरीब. घरचे लोक त्याचे कपडेसुद्धा नशेसाठी विकतात, त्यामुळे त्याच्या अंगाला वास येतो आणि वर्गात कोणी त्याच्याजवळ बसत नाही. प्रेझ त्याच्यासाठी शाळेतच स्नानाची आणि स्वच्छ कपड्यांची व्यवस्था करतो, आपल्या डब्यातले त्याला देतो. हा मुलगा फुलू लागतो. तळघरात पडून राहिलेला संगणक वर्गात येतो आणि डुकी त्यात रमतो. त्याच तळघरात वेष्टनसुद्धा न काढलेली नवी पाठ्यपुस्तके प्रेझला सापडलेली असतात, आणि वर्गात मुलांच्या हाती मात्र फाटकी, जुनी पुस्तके असतात.

आता या कथेतून शिक्षणाविषयी जे तीन मुद्दे निघतात, ते क्रमाने मांडतो.

पहिला मुद्दा मुले मोजण्याचा. शाळा सुरू झाल्यावर गैरहजर मुलांना शोधून आणण्यासाठी एका माणसाची नेमणूक होते. तो उत्साहाने गल्ल्या पिंजून मुले आणतो. पण सप्टेंबरमध्ये एक दिवस आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस मूल वर्गात दिसले की काम संपले, असे त्याला सांगण्यात येते, कारण अनुदानासाठी तेवढी हजेरी पुरते. पुढे मूल आले काय आणि न आले काय. मेरीलँड राज्यात शाळांचे अनुदान ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर ठरते, ही वस्तुस्थिती या प्रसंगामागे आहे. आपण परदेशाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, तेव्हा हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली लाखो नावे उघडकीस आली होती. ज्या संख्येवर पैसा मिळतो, ती संख्या फुगते किंवा तेवढ्यापुरती सांभाळली जाते. तिच्यामागचे मूल सांभाळले जातेच असे नाही.

दुसरा मुद्दा परीक्षांचा. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत एक राष्ट्रीय कायदा अमलात आला. कोणतेही मूल मागे राहू नये, असे त्याचे नावच सांगत होते. तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणित या विषयांत दरवर्षी परीक्षा घ्यावी, २०१४ पर्यंत सर्व मुले अपेक्षित पातळीवर यावीत आणि वारंवार मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाई व्हावी, अशी त्याची योजना होती. हेतू उत्तम होता. गरीब मुलांची पीछेहाट झाकली जाऊ नये, हा त्यामागील विचार आजही योग्यच आहे. परंतु मालिकेत काय घडते? राज्याची परीक्षा जवळ येताच फासे आणि संगणक बाजूला पडतात आणि प्रत्येक शिक्षकाने नमुना प्रश्नांचा सराव घ्यावा, असा आदेश निघतो. गणिताच्या तासालाही वाचनाचा सराव! प्रेझला हे फार ओळखीचे वाटते. पोलीस दलात असताना त्याने पाहिलेले असते की गंभीर गुन्हा किरकोळ म्हणून नोंदविला की आकडे सुधारतात आणि अधिकाऱ्यांना बढती मिळते. शाळेतही तेच.

हे केवळ कथेत घडले असते तर आपण सोडून दिले असते. २०११ साली जॉर्जिया राज्याच्या चौकशीत अटलांटा शहराच्या ४४ शाळांत उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार झाल्याचे निष्पन्न झाले. त्यात १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गुंतलेले होते. २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो कायदा बदलून त्याच्या जागी नवा कायदा करण्यात आला. परीक्षा ही तापमापकासारखी असते. ताप मोजलाच पाहिजे. मात्र पारा खाली दिसला नाही तर वैद्याला दंड होईल असा नियम केला, की वैद्य तापमापकच थंड पाण्यात बुडवू लागतो.

तिसरा मुद्दा माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. तो जबाबदारीच्या वाटणीचा. रँडीवर शाळेत एक बालंट येते. शिक्षा टाळण्यासाठी तो उपमुख्याध्यापिकेला एका खुनाविषयी थोडीशी माहिती सांगतो. ती आपल्या कर्तव्याप्रमाणे पुढे कळविते. माहिती एका हवालदाराकडून दुसऱ्याकडे जाते आणि चौकशीच्या ओघात एकाच्या बेपर्वाईने मुलाचा माग गल्लीत उघड होतो. पोलिसांचा खबऱ्या असा शिक्का त्याच्यावर बसतो. त्याचे घर पेटविले जाते, पालक-माता गंभीररीत्या भाजते. एक पोलीस अधिकारी त्याला आपल्या घरी न्यावयास तयार होतो, पण कागदपत्रांना महिने लागतात आणि तोवर रँडीची रवानगी सरकारी बालगृहात होते. तेथे त्याला मार खावा लागतो. गोळ्या विकणारा तो हसरा मुलगा तेथेच संपतो. या साखळीत त्याचे वाईट व्हावे असे कोणालाच वाटत नव्हते. बहुतेकांनी नियमाप्रमाणे आपापला तुकडा पार पाडला. तो मुलगा समग्र असा कोणाचाच नव्हता.

डुकीचे असेच झाले. नवी मुले येणार, जागा हवी, म्हणून त्याला वर्षाच्या मध्येच नववीत ढकलण्यात आले. कागदोपत्री ती बढती. पण ज्या एकमेव वर्गात त्याला माणूस म्हणून वागविले जात होते, तो वर्ग तुटला. डुकी नव्या शाळेत टिकला नाही आणि पाचव्या पर्वाच्या अखेरीस तो स्वतः नशेच्या आहारी गेलेला दिसतो.

चौघांपैकी वाचतो तो एकटा नेमंड. तो कसा वाचला, हे नीट पाहिले पाहिजे. एका विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पात दहा अत्यंत उपद्रवी मुलांचा स्वतंत्र वर्ग काढला जातो. निवृत्त पोलीस अधिकारी कॉल्विन तेथे मदत करतो. मुलांना एकमेकांवर विश्वास ठेवून एकत्र काम करण्याचे लहान लहान प्रयोग दिले जातात. आयफेल टॉवरची प्रतिकृती उभारण्याची स्पर्धा जिंकलेल्या मुलांना तो एका महागड्या उपाहारगृहात नेतो, आणि नाक्यावर वाघासारखी वावरणारी ही मुले तेथील वाढप्यासमोर ओशाळून जातात. आपल्या वस्तीबाहेरचे जग आपले नाही, हे त्यांना न सांगता कळते. त्या वर्गामुळे मूळ वर्गही शांत होतो. पण तो परीक्षेची तयारी करून घेत नाही, म्हणून वरिष्ठ तो बंद करतात. मग कॉल्विन तुरुंगात जाऊन नेमंडच्या वडिलांना भेटतो, मुलाला आपल्याकडे ठेवू देण्याची विनंती करतो आणि तो बाप मुलाच्या हितासाठी त्याला सोडून देतो. नेमंडला योजनेने वाचविले नाही. एका माणसाने त्याला आपला मानले म्हणून तो वाचला. उरलेल्या तिघांच्या वाट्याला असा माणूस शेवटपर्यंत आला नाही. रँडीसाठी आला, तो कागदपत्रांत अडकला.

बंधु-भगिनींनो, ही मालिका आज अनेक विद्यापीठांतून शिकविली जाते. हार्वर्ड विद्यापीठात विल्यम ज्युलियस विल्सन आणि अनमोल चड्ढा यांनी २०१० साली शहरी विषमतेवरचा अभ्यासक्रम तिच्या आधारे सुरू केला. शहरांतून रोजगार नाहीसा झाल्यावर वस्त्यांचे काय होते, यावर विल्सन यांनी आयुष्यभर संशोधन केलेले आहे. त्यांचे म्हणणे असे की शास्त्रीय ग्रंथात शाळा, तुरुंग, रोजगार, राजकारण यांचा विचार वेगवेगळ्या प्रकरणांत होतो, तर कथेत ही सर्व एकमेकांत गुंतलेली दिसतात. मात्र विद्यार्थ्यांनी मालिकेबरोबर संशोधनपर लेखनही वाचावे, असा त्यांचा आग्रह होता. बाल्टिमोरचे माजी आरोग्य आयुक्त पीटर बाइलेन्सन यांनीही मालिकेच्या आधारे त्या शहराच्या प्रश्नांवर ग्रंथ लिहिला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला.

हा आग्रह महत्त्वाचा आहे, कारण मालिकेला मर्यादा आहेत. जॉन ॲटलस आणि पीटर ड्रायर यांनी २००८ साली असा आक्षेप घेतला की या मालिकेत गरीब लोक संघटित होऊन काही मिळविताना दिसतच नाहीत. प्रत्यक्षात बाल्टिमोरमध्ये ‘बिल्ड’ या प्रार्थनामंदिरांच्या आणि वस्त्यांच्या संघटनेने १९९४ साली महापालिकेची कंत्राटी कामे करणाऱ्या मजुरांना जगण्यापुरते वेतन मिळवून देणारा कायदा करून घेतला. अमेरिकेतील शहरांत तो अशा स्वरूपाचा पहिला कायदा मानला जातो. मार्च २००६ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने बाल्टिमोरच्या अकरा शाळांचा कारभार शहराकडून काढून घेण्याचे ठरविले, तेव्हा शहरातून विरोध झाला आणि विधिमंडळाने तो निर्णय रोखला. केवळ मालिका पाहणारा मनुष्य खिन्न होऊन उठेल आणि काहीच करता येत नाही, असे म्हणेल. तो निष्कर्ष सोयीचा आहे, पण खरा नाही.

म्हणून माझी सूचना अशी. ट्रस्टने शिक्षक, पालक आणि विश्वस्त यांचे एक अभ्यासमंडळ काढावे. आठवड्याला एक भाग, असे तेरा आठवडे. पाहण्यापूर्वी शहराची माहिती द्यावी. पाहून झाल्यावर प्रत्येकाने एकेक भूमिका वाटून घ्यावी : मुख्याध्यापिका, शिक्षक, महापौर, पोलीस, आई, मूल. आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. या व्यक्तीला त्या क्षणी काय माहीत होते? तिच्या हाती काय होते? योग्य ते केले असते तर तिचे काय नुकसान झाले असते? कोणाला दोष द्यावा, हा प्रश्न मुद्दामच ठेवू नये. मालिकेतील महापौराचे उदाहरण घ्या. शाळांच्या अंदाजपत्रकात पाच कोटी चाळीस लाख डॉलरची तूट निघते. राज्यपालांकडून मदत मिळू शकते, परंतु ती घेतल्याने पुढच्या निवडणुकीत कमीपणा येईल म्हणून तो ती नाकारतो. मी त्याच्या जागी काय केले असते, हे ज्याने प्रामाणिकपणे लिहिले, त्याला आपल्या संस्थेच्या सभांतील काही ठरावही आठवतील.

शेवटी एक प्रश्न आपल्यासाठी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा परिसरातील दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो विषय मोठ्या पीठाकडे जावा, असे सुचविले. न्यायालय काय ठरवील ते ठरवील. सक्ती नसते तेव्हा माणसाच्या इच्छेची परीक्षा होते. आपल्या समाजाच्या शाळांच्या भिंतीला लागून ज्या वस्त्या आहेत, त्यांतील रँडी आणि डुकी आपल्या शाळांत किती आहेत? गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचा सत्कार आपण दरवर्षी करतो आणि तो करावाच. परंतु मागील वर्षी शाळा सोडून गेलेल्या मुलांची यादी कोणत्या वार्षिक सभेत वाचली जाते?

सुवर्णमहोत्सवानंतरच्या पहिल्या वर्षात ती यादी तयार व्हावी आणि यादीतील प्रत्येक नावासमोर ट्रस्टच्या एका कार्यकर्त्याचे नाव लिहिले जावे, एवढीच माझी विनंती आहे. त्याने त्या मुलाच्या घरी जावे, कारण जाणून घ्यावे आणि वर्षभर त्याला सोडू नये. यासाठी इमारत बांधावी लागणार नाही, मोठा निधीही उभारावा लागणार नाही. लागेल तो वेळ, आणि तो देणारी माणसे या सभागृहात आहेत, असा मला विश्वास वाटतो.